घोड्याच्या सरावासाठी जमिनीवरचे पोल: लाकूड, जमीन, अंतर आणि टापांचे ठसे

रिंगणात आडवे टाकलेले चार वासे दिसले की नवख्याला वाटतं, ही उडीची तयारी चाललीय. उडी कधीच न मारणाऱ्या घोड्यालाही हे वासे, म्हणजे ग्राउंड पोल, तितकेच उपयोगी आहेत. पोल ओलांडताना घोडा पाय नेहमीपेक्षा वर उचलतो, गुडघे आणि मागच्या पायांचे सांधे जास्त वाकवतो. पाय कुठे पडतोय हे बघायला मान खाली नेतो आणि मान खाली गेली की पाठ वर येते. पोट आणि पाठ या दोन्हींचे स्नायू कामाला लागतात. स्वाराला लय कळते, सरळ रेषेत चालवणं म्हणजे काय ते कळतं.

हे सगळं होतं ते पोलांमधलं अंतर त्या घोड्याच्या पावलाला जुळलं तरच. जुळलं नाही तर त्याच व्यायामातून घोडा अडखळायला, घाई करायला आणि शेवटी पोलाला बगल द्यायला शिकतो. म्हणून खाली आकडे भरपूर दिले आहेत, पण प्रत्येक आकडा फक्त सुरुवात करण्यापुरता धरा. पुढचं जमिनीवर उमटलेल्या टापा सांगतील.

वासा कुठला घ्यायचा

लांबी ३ ते ३.५ मीटर, जाडी ८ ते १० सेंटिमीटर. अडीच मीटरपेक्षा आखूड पोल घेतला तर घोडा कडेने निसटायचा रस्ता शोधतो आणि नवशिक्या स्वाराला त्याला मधोमध ठेवणं जमत नाही. पोलाला वजन हवं. १० सेंटिमीटर जाडीचा आणि ३ मीटर लांबीचा सुकलेला लाकडी वासा १८ ते २० किलोच्या आसपास भरतो. टाप लागली तर तो जागचा थोडा सरकतो, पण उडून पायात येत नाही.

गोव्यात सहज मिळणारा वासा म्हणजे सुरूचा. स्लॅब ओततानाच्या टेकूंसाठी तो सगळीकडे वापरतात. सरळ, जड, स्वस्त. मात्र तो गोल असतो आणि लवकर किडतो, तेव्हा दोन पावसाळ्यांपेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नका. नीलगिरीचा वासाही चालतो, फक्त सुकताना पीळ पडलेला नको. वखारीतून आणताना वासा जमिनीवर ठेवून लोळवून बघा. मध्येच उडी घेत लोळला तर तो वाकडा आहे.

बांबू वापरू नका. टाप पडली की तो उभा चिरतो आणि चिरलेल्या कडा सुरीसारख्या लागतात. पोफळीचा वासा हलका आणि कुळागरात (पोफळीच्या बागेत) फुकट मिळणारा असला तरी त्याचे तंतू सुटतात आणि कुसळासारखे पायाच्या कातडीत घुसतात. पीव्हीसीचा चार इंची पाइप अनेकांकडे दिसतो. तो हलका असतो, लोळतो आणि उन्हात वर्षभर पडला की ठिसूळ होऊन फुटतो. वजनासाठी वाळू भरावी म्हटलं तर ३ मीटरचा पाइप पूर्ण भरल्यावर चाळीस किलोच्या घरात जातो आणि अर्धा भरला तर वाळू एका टोकाला जाऊन बसते. पाइपच हाताशी असेल तर फक्त हातात धरून चालवण्याच्या सरावाला वापरा, घोड्यावर बसून नको.

गोल वासा लोळतो, आणि पोलाच्या सरावातली सगळ्यात वाईट इजा यातूनच होते. घोड्याचा पाय पोलावर पडतो, पोल फिरतो, पाय त्याच्यासोबत घसरत जातो. सुताराकडून वासा आठकोनी रंधून घ्या. तेवढा खर्च नको असेल तर निदान एका अंगाला चार सेंटिमीटर रुंदीची सपाट पट्टी काढून घ्या आणि पोल त्या अंगावर ठेवा. हेही जमलं नाही तर जमिनीत दोन सेंटिमीटर खोल चर काढून पोल त्यात बसवा. दगड किंवा चिऱ्याचा तुकडा अडकण म्हणून लावू नका, चिऱ्याच्या कोपऱ्याने पायाचं कातडं सोलून निघतं. कडा आणि टोकं घासून गोल करा. खिळा एकही बाहेर नको.

वाळवीवर उपाय म्हणून काजूच्या टरफलाचं तेल फासायची सूचना तुम्हाला कोणीतरी नक्की करेल. होड्यांना ते लावत आले आहेत, पण ते अंगाला लागलं की भाजतं, आणि घोड्याचं कातडंही या बाबतीत सोशीक नाही. साधा ऑइल पेंट द्या, दोन हात.

रंग

घोड्याला निळा आणि पिवळा रंग वेगळा ओळखता येतो, लाल आणि हिरव्यात मात्र त्याची गल्लत होते. आपल्याला तांबड्या मातीवर लालभडक पट्टे ठसठशीत दिसतात, घोड्याला तो पोल आणि माती एकात एक मिसळलेली दिसू शकते. ब्रिटनमधल्या अडथळ्यांच्या शर्यतींत केशरी पट्ट्या काढून पांढऱ्या लावल्या, त्या याच कारणाने. आपल्या जांभ्याच्या मातीवर पांढरा पोल सगळ्यात चांगला, त्यावर निळे किंवा पिवळे पट्टे. पांढऱ्या वाळूच्या रिंगणात उलट करा: पोल गडद निळा, पट्टे पांढरे. पट्टा ५० सेंटिमीटरचा आणि पोलाचा मधला पट्टा वेगळ्या रंगाचा ठेवा. स्वाराला मध्य धरायला तो उपयोगी पडतो.

जमीन

रिंगणात वरचा वाळूचा थर ८ ते १० सेंटिमीटरचा पुरे. त्याहून खोल वाळूत प्रत्येक पाऊल उपसून काढावं लागतं आणि पायाच्या मागच्या शिरांवर, म्हणजे कंडरांवर, ताण येतो. पोलांच्या सरावात तो दुप्पट जाणवतो. सड्यावरची (जांभ्याच्या पठारावरची) मोकळी जागा दिसायला सपाट असते, पण तिथले खडे खुराच्या खाचेत बसतात. तिथे सराव करायचाच असेल तर पोलांच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर पट्टा आधी वेचून घ्या.

भातकापणीनंतर मळ्यातलं रिकामं शेत मिळालं तर नोव्हेंबर-डिसेंबरात छान जमीन असते. थोडी ओल असते, टाप रुतत नाही, ठसा स्पष्ट उमटतो. फेब्रुवारीपासून तीच जमीन तडकते. भेगेत खुराची कड अडकली तर नाल निघतो, कधी पाय मुरगळतो. तेव्हा हंगाम बघून जागा बदला.

समुद्रकिनाऱ्याचा मोह सगळ्यांना होतो. ओहोटीनंतरची ओली घट्ट वाळू चालवायला चांगली, पण पोलांसाठी मी ती सुचवणार नाही. पोलाखालची वाळू चार फेऱ्यांत खचते, पोल तिरका होतो, भोवती माणसं आणि कुत्री असतात. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग हे तर कासवांच्या अंडी घालण्याचे किनारे. हिवाळ्यात तिथे असली कामं नकोतच.

पावसाळ्यात रिंगणात पाणी साचत असेल तर पोल वॉकपुरते (साध्या चालीपुरते) ठेवा. चिखलात ट्रॉट, म्हणजे दुडकी, केला की मागचा पाय घसरतो आणि घसरलेला घोडा पुढचे चार दिवस पोलाकडे संशयाने बघतो.

मोजायची दोरी

टेप लागतेच, पण रोज टेप काढणारा माणूस विरळा. सहा मीटर सुतळी घ्या, एका टोकाला गाठ मारा. त्या गाठीपासून ०.८ मीटरवर पिवळी चिंधी, १.३ मीटरवर निळी, ३ मीटरवर पांढरी बांधा. साईसाच्या (मोतद्दाराच्या) हातात दिली की तो दोन मिनिटांत पोल मांडतो. सुतळी भिजली की आखडते, तेव्हा महिन्यातून एकदा टेपने पडताळा, किंवा नायलॉनची दोरी घ्या.

अंतर नेहमी एका पोलाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजायचं. कडेपासून कडेपर्यंत मोजलं तर १० सेंटिमीटरचा घोळ होतो, आणि चार पोलांत तो ३० होतो.

आपल्याकडच्या तबेल्यांत साधारण तीन तऱ्हेचे घोडे दिसतात. रेसकोर्सवरून निवृत्त झालेला थरोब्रेड, साडेपंधरा ते सोळा हातांचा (एक हात म्हणजे ४ इंच). मग मारवाडी-काठियावाडी, बहुतेक १४ ते १५ हातांचा. आणि पोरांना बसवायचा पोनी. यांच्यासाठी सुरुवातीची अंतरं अशी धरा:

- थरोब्रेड: वॉक ८० ते ९० सेंटिमीटर, ट्रॉट १.३ ते १.४ मीटर, कँटर (संथ दौड) ३ ते ३.३ मीटर.
- मारवाडी-काठियावाडी: वॉक ७५ ते ८० सेंटिमीटर, ट्रॉट १.१५ ते १.२५ मीटर, कँटर २.७ ते २.९ मीटर.
- बारा-तेरा हातांचा पोनी: वॉक ६५ ते ७० सेंटिमीटर, ट्रॉट १ ते १.१ मीटर, कँटर २.३ ते २.६ मीटर.

मारवाडीतले काही घोडे दुडकीऐवजी रेवाल चालतात, म्हणजे एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ बरोबर टाकतात. त्यांना ट्रॉटचे पोल जुळत नाहीत. अंतर कितीही हलवलं तरी टापा लागतातच. त्यांच्याशी भांडू नका, वॉकचे पोल द्या.

ठसे वाचणं

सरावाआधी पोलांच्या मधली आणि आजूबाजूची माती दाताळ्याने ओढून सपाट करा. कोरडी असेल तर झारीने हलकं पाणी मारा. घोडा एकदा पोलांवरून न्या आणि थांबा. आता वाकून बघा.

ट्रॉटमध्ये घोडा तिरक्या जोडीने पाय टाकतो: डावा पुढचा आणि उजवा मागचा एकदम, मग उलट. अंतर जुळलं असेल तर प्रत्येक फटीत एका बाजूचा पुढचा ठसा आणि त्याच्याच वर किंवा अगदी लगत त्याच बाजूचा मागचा ठसा दिसेल, फटीच्या मधोमध. पहिल्या फटीत डावा, दुसरीत उजवा, तिसरीत पुन्हा डावा.

ठसे फटीफटीला पुढच्या पोलाजवळ सरकत गेलेले दिसले, तर घोड्याचं पाऊल अंतरापेक्षा मोठं आहे. पोल ५ सेंटिमीटरने दूर करा. ठसे मागच्या पोलाला चिकटत चाललेत, तर पाऊल छोटं पडतंय. पोल जवळ आणा. एका वेळी पाच सेंटिमीटर, त्याहून जास्त नाही, आणि सगळ्या फटी सारख्याच बदला. पहिल्या दोन फटी बरोबर आणि तिसरी चुकलेली असेल तर दोष अंतराचा नाही, घोडा मध्येच वेग बदलतोय. तिथे पोल हलवू नका, स्वाराकडे बघा.

मागचा ठसा पुढच्या ठशाच्या बराच मागे पडलाय, तर घोडा मागून ढकलत नाहीये, नुसता पाय ओढतोय. मागचे ठसे दर फटीत पुढच्या ठशांच्या एकाच बाजूला पडलेत, तर घोडा तिरका जातोय. आणि एका खुराच्या पुढच्या टोकाचा ओरखडा फटीत पुन्हापुन्हा दिसला, तर तो पाय वाकायला तयार नाही किंवा खूर वाढलाय. नालबंद येऊन सहा आठवडे झाले असतील तर आधी त्याला बोलवा.

हे एकदा डोळ्यात बसलं की खोगिरावर बसून कळत नाहीत त्या गोष्टी मातीत कळतात. दोन मिनिटांचं काम आहे, आणि तेच सगळ्यात जास्त टाळलं जातं.

पहिला दिवस: हातात धरून

पोल न बघितलेल्या घोड्यावर बसून सुरुवात करू नका. पुढच्या पायांना शिरा झाकणारे बूट आणि खुराच्या मागच्या मऊ भागावर येणारे बेल बूट घाला. हातमोजे घाला. दोर तीन मीटरचा, त्याचा वेढा हाताला कधीच घ्यायचा नाही.

१. एकच पोल, रिंगणाच्या कुंपणापासून एक मीटर आत. कुंपणाची एक बाजू आयती मिळते.

२. घोड्याला पोलापाशी आणा आणि बघू द्या. त्याच्या कपाळासमोर आणि नाकाखाली थेट त्याला दिसत नाही, म्हणून तो मान खाली करून, हुंगून, डोकं तिरकं करून अंदाज घेतो. दोर ढिला सोडा. मान धरून ठेवली तर तो आंधळ्यासारखा पाय टाकेल.

३. तुम्ही त्याच्या खांद्याशी उभे राहा, समोर नको. समोर उभ्या माणसाच्या अंगावर घोडा उडी घेतो तेव्हा त्यात घोड्याचा काही दोष नसतो.

४. चालवा. पोलावरून गेला की चार पावलं सरळ पुढे न्या, मग थांबवा, मानेवर थोपटा. पोलापाशीच थांबवून शाबासकी दिली तर तो पुढच्या वेळी पोलावरच थांबेल.

५. दोन्ही बाजूंनी, प्रत्येकी चार वेळा. निवांत झाला की पोल तीन करा, ८० सेंटिमीटरवर. पहिल्या दिवशी एवढंच. पंधरा मिनिटं.

पोल एक किंवा तीन, दोन ठेवू नका. जवळच्या दोन पोलांना घोडा एक रुंद अडथळा समजतो आणि उडी मारून पार करतो. एकदा ती सवय लागली की मोडायला आठवडा जातो.

स्वार बसल्यावर

रिकीब एक भोक आखूड करा. वॉकमध्ये सरळ बसा आणि घोड्याच्या मानेबरोबर हात पुढे-मागे जाऊ द्या. ट्रॉटमध्ये राइजिंग ट्रॉट करा (एका ठोक्याला खोगिरातून उठायचं, दुसऱ्याला बसायचं), कंबरेतून किंचित पुढे झुका, वजन टाचेत. नजर पोलावर नको, पोलांच्या पलीकडच्या माडावर, कुंपणावर, कशावरही. स्वाराने खाली बघितलं की त्याचं डोकं आणि खांदे पुढे येतात आणि ते वजन घोड्याच्या नेमक्या उचलायच्या पायांवर पडतं.

पोलांपूर्वी किमान चार-पाच घोड्यांची लांबी, म्हणजे दहा-बारा मीटर, सरळ रेषा हवी. नंतरही तेवढीच. कोपऱ्यातून वळून थेट पोलावर आणलेला घोडा तिरकाच येणार. वेग पोलापूर्वी ठरवा. शेवटच्या तीन मीटरात टाच मारणं किंवा लगाम ओढणं हा गडबडीचा धंदा आहे, घोडा तेव्हा पाय मोजत असतो.

लय मोजायला तोंडाने मोजा: ट्रॉट दोन ठोक्यांचा, “एक-दोन, एक-दोन”. सत्तरी-डिचोलीतल्या मुलांना शिकवताना घोडेमोडणीच्या ढोलाची आठवण करून दिली की ठोका पटकन बसतो. कमरेचा लाकडी घोडा नाचवताना जो ताल लागतो, पोलांवर तोच टिकवायचा. पोलांआधी, पोलांवर आणि पोलांनंतर मोजणी एकाच वेगाची राहिली तर फेरी चांगली.

ट्रॉटचे पोल

वॉकमध्ये तीन पोल शांतपणे होऊ लागले, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या सत्रात, की अंतर १.३ मीटर (किंवा तुमच्या घोड्याचा आकडा) करा. आधी एका पोलावरून ट्रॉट, मग तीन, मग चार. सहाच्या वर जाण्यात अर्थ नाही. लांबलचक रांगेत घोडा चुकला तर त्याला सावरायला वाव उरत नाही.

एका दिशेने सहा ते आठ फेऱ्या, मग दिशा बदला. दोन फेऱ्यांच्या मध्ये एक मोठं वर्तुळ पोलांशिवाय. पोलांचा भाग एकूण वीस मिनिटांपेक्षा लांबवू नका आणि आठवड्यातून दोनदाच ठेवा. थकलेला घोडा पाय कमी उचलतो, टाप लागते, आणि स्वार त्याला आळशी म्हणतो.

रेसकोर्सवरचा घोडा बहुतेक वेळा पोल दिसला की धावतो. त्याला पोलांच्या सरळ रांगेत टाकू नका. एकच पोल ठेवा, त्याच्याभोवती २० मीटर व्यासाचं वर्तुळ घाला आणि मन शांत झालं असेल त्याच फेरीला पोलावरून न्या, नाहीतर शेजारून. पोलावर जायचं की नाही हे त्याला आधी कळलं नाही तर तो घाई करणार कशाची?

पंखा आणि घड्याळ

चार पोल पंख्याच्या काड्यांसारखे मांडा, आतली टोकं जवळ, बाहेरची लांब. मधल्या रेषेवर १.३ मीटर मोजायचं. आतल्या बाजूने गेलं की पाऊल आखडतं, बाहेरून गेलं की लांबतं. पोल न हलवता तीन अंतरं मिळतात. लंजिंगच्या दोरावरही (घोडा लांब दोरावर गोल फिरवताना) ही मांडणी चालते, फक्त दोर पोलाच्या टोकात अडकू नये म्हणून आतली टोकं जमिनीला टेकलेली हवीत.

घड्याळाच्या मांडणीत २० मीटरच्या वर्तुळावर बारा, तीन, सहा आणि नऊ वाजता एकेक पोल. वर्तुळाचा घेर सुमारे ६३ मीटर, म्हणजे दोन पोलांमध्ये साडेपंधरा मीटर. कँटरमध्ये प्रत्येक पाव भागात पावलं मोजा. तीन मीटरच्या पावलाने चार पूर्ण पावलं बसतात, पोलावरून जाताना होणारं पाऊल धरून पाच. खरा कस चारही भागांत तोच आकडा येण्यात आहे. दोन भागांत चार आणि दोनांत पाच आली तर तुमचं वर्तुळ अंड्यासारखं झालंय. दाताळ्याने आधी वर्तुळ आखून घ्या: मध्ये खुंटी, दहा मीटर दोरी, टोकाला काठी.

कँटर

तीन मीटरवर तीन पोल. कँटरमध्ये प्रत्येक फटीत एक पूर्ण पाऊल, म्हणजे चारही टापा पडतात. ट्रॉटचे पोल बरोबर जमल्याशिवाय इथे येऊ नका.

यापेक्षा मला जास्त उपयोगी वाटणारा सराव म्हणजे फक्त दोन पोल, एकमेकांपासून १८ मीटरवर. एवढ्या अंतरावर घोडा त्यांना एक समजत नाही. तीन मीटरच्या पावलाने, पोलावरून जातानाचं पाऊल सोडून, मधे पाच पावलं येतात. आधी पाच मोजा. मग कमरेने थोडं धरून सहा बसवा. मग मोकळं सोडून चार. लगाम न ओढता सहा आली तर घोडा खरंच तुमचं ऐकतोय. मारवाडीला हेच अंतर १६.५ ते १७ मीटर करा.

उचललेले पोल

जमिनीवरचे पोल तीन-चार आठवडे जमले की पोल उचलायचे, १० सेंटिमीटर, नंतर फार तर १५ ते २०. आधी एकाआड एक टोक: पहिल्या पोलाचं डावं टोक वर, दुसऱ्याचं उजवं. आधाराला लाकडी ठोकळा घ्या, वर पोल बसेल एवढी खाच करून. टायर नको, त्यात खूर अडकतो. घोडा इथे पुढे कमी आणि वर जास्त जातो, म्हणून अंतर पाच-दहा सेंटिमीटर कमी लागू शकतं. पुन्हा ठसे. दुखापतीतून उठणाऱ्या घोड्याला हे पोल पशुवैद्यकाने सांगितल्याशिवाय देऊ नका.

काय चुकतं

टाप सतत लागते आणि पाय कुठलाही असतो: अंतर चुकलंय किंवा घोडा थकलाय. एकाच पायाची लागते: त्या पायात काहीतरी आहे, खूर, नाल, सांधा, नाहीतर त्या बाजूच्या डोळ्याचं दिसणं. पोल काढून ठेवा आणि पाय तपासा.

पोलावरून गरजेपेक्षा खूपच उंच उडतो: घाबरलाय. एका पोलावर, वॉकवर परत. पोलांवर मान वर करून पाठ पोकळ करतो: स्वाराचे हात आखडलेले आहेत, नाहीतर खोगीर टोचतंय. तंग सोडून खोगिराखालचा घाम बघा, दोन्ही बाजूंना सारखा हवा. शेवटच्या पोलानंतर सुटतो: शेवटच्या पोलापासून बारा मीटरवर रिकामा ठोकळा ठेवा आणि दर वेळी तिथे वॉकवर या, चार दिवसांत तो स्वतःच वाट बघू लागतो.

उकाडा

गोव्यात तापमानापेक्षा दमट हवा घोड्याला जास्त छळते, कारण घाम येतो पण वाळत नाही. मार्च ते मे सराव सकाळी सहा ते आठ. विश्रांतीत घोडा मिनिटाला ८ ते १६ श्वास घेतो. सराव संपून दहा मिनिटं झाली तरी कुशी जोरात हलत असतील तर पाणी ओता, निथळवा, पुन्हा ओता आणि सावलीत, वाऱ्यात चालवा. सगळे घोडे ओले आणि एकच कोरडा पण धापा टाकतोय, असं दिसलं तर सराव तिथेच बंद. घाम न येणं हा दमट उष्ण हवेतला खरा आजार आहे आणि तो पशुवैद्यकाचा विषय आहे.

बूट लगेच काढा. ओली वाळू आत राहिली की दुसऱ्या दिवशी कातडं सोललेलं असतं. खूर खरवडा. पावसाळ्यात खुराच्या तळातल्या मऊ त्रिकोणाजवळ काळा, घाण वासाचा चिकटा दिसला तर तो भाग स्वच्छ, कोरडा करून नालबंदाला दाखवा आणि तोवर पोल नकोत.

पोल उचलून ठेवताना

पोल रिंगणात रात्रभर पडू देऊ नका. लाकूड कुजतं हा एक भाग. दुसरा भाग म्हणजे पोलाखाली सकाळपर्यंत विंचू, पावसाळ्यात फुरसं किंवा घोणस येऊन बसते. राहून गेलाच असेल तर बोटं खाली घालून उचलू नका. लांब काठीने पोल आपल्यापासून दूर लोटा, खालची जागा बघा, मग दोघांनी दोन टोकं धरा. ठेवायला भिंतीला लाकडी खुंट्या, जमिनीपासून निदान गुडघाभर वर, म्हणजे वाळवी चढताना दिसते. वरून पत्रा हवा, बाजूंनी मोकळी हवा. आठवड्यातून एकदा प्रत्येक पोलावरून जुनं फडकं ओढा. फडकं जिथे अडकेल तिथे कुसळ निघालं आहे, लगेच घासून टाका.